नव्या दारातून पाऊस आत येतोय : आधी पाण्याची वाट शोधा

बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला नवं घर बांधलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घर स्लॅबचं, पुढचं दार पश्चिमेला. मे महिन्यात सागवानी चौकट आणि वरून सागाचा व्हिनियर (पातळ थर) असलेलं फ्लश, म्हणजे सपाट फळीचं दार बसवलं, आत उघडणारं. खाली ग्रॅनाइटचा उंबरा, आतल्या फरशीला बरोबर मिळवलेला. जूनमधल्या मोठ्या पावसात दाराखालून पाणी आत आलं. बिजागरीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यातही ओल दिसायला लागली. सुतार म्हणतो चूक गवंड्याची, गवंडी म्हणतो सुताराची. शेवटी सुतारानं बाहेरून चारी बाजूंनी सिलिकॉन मारलं. पाणी कमी झालं पण थांबलं नाही, आणि आता चौकटीच्या पायथ्याचं लाकूड काळं पडतंय. दार फुगून घट्टही झालंय. सुतार म्हणतोय, रंधा मारून देतो. काय करावं?

ताई, दोन गोष्टी लगेच करा. एक, खाली उंबऱ्याशी बाहेरून मारलेलं सिलिकॉन कटरनं कापून काढा. वरचं आणि बाजूचं सध्या राहू दे. दुसरं, सुताराला आत्ता रंधा मारू देऊ नका. बाकीचं काम सावकाश करता येईल, पण या दोन गोष्टींत उशीर झाला तर चौकट हातची जाईल.

खालचं सिलिकॉन का काढायचं ते सांगतो. चौकटीचे दोन्ही पाय ग्रॅनाइटवर टेकलेले आहेत. लाकडाचा आडवा काप तिथं दगडाला भिडलेला असतो आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते त्याच कापातून. वरून कुठून तरी शिरलेलं पाणी चौकट आणि भिंतीच्या मधून उतरत खाली येतं. पूर्वी ते उंबऱ्यावरून बाहेर निघून जात होतं. आता सिलिकॉननं त्याची वाट बंद झाली, म्हणून ते तिथंच थांबतं, लाकूड ते शोषतं आणि काळं पडतं. वर आणि बाजूंना पाणी अडवायचं, खाली त्याला सोडून द्यायचं. बाहेरच्या दाराचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. ट्यूब घेऊन चारी बाजूंनी फिरणारा कारागीर ही गोष्ट विसरतो.

आता तुमच्या भागातल्या पावसाबद्दल. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, म्हणजे घाटाच्या अगदी माथ्यावर. कोकणातून चढून येणारा पश्चिमेचा वारा तिथं पाऊस सोडतो आणि तसाच पुढं जांबोटी, खानापूर, बेळगावकडं येतो. हा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. जुन्या घरांना पुढं सोपा म्हणजे ओसरी असायची, पडवी असायची, कौलांची वळचण खाली उतरलेली असायची, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेच्या अंगाला तट्ट्या बांधायचे. दारापर्यंत पाऊस पोचायचाच नाही. त्यामुळं त्या दारांत बोटभर फटी असल्या तरी चालायचं. आता आपण स्लॅबचं घर बांधतो, दीड फुटाचा छज्जा काढतो आणि जुन्याच पद्धतीचं दार थेट झडीसमोर उभं करतो.

साधा हिशोब करून बघा. पाऊस ४५ अंशांत येत असेल तर ४५ सेंटिमीटरचा छज्जा दाराचा वरचा ४५ सेंटिमीटर भागच कोरडा ठेवतो. सात फुटी दाराचे उरलेले १६५ सेंटिमीटर भिजतात. दार ९० सेंटिमीटर रुंद धरलं तर हा दीड चौरस मीटर भाग झाला. तासाला २० मिलिमीटरच्या पावसात त्यावर तासाला ३० लिटरच्या आसपास पाणी आदळतं. म्हणजे दोन बादल्या पाणी दाराच्या पाटावरून घसरत थेट खालच्या फटीपाशी येतं. तुमचं दार वाईट आहे असं नाही. त्याच्याकडून जे काम अपेक्षित आहे ते पेलायची तयारी त्याच्या उंबऱ्यात नाही.

पण उंबऱ्याकडं यायच्या आधी पाणी नेमकं कुठून येतंय हे ठरवायला हवं. अंदाजानं केलेल्या दुरुस्तीत पैसे जातात आणि पुढच्या पावसाळ्यात तोच प्रश्न परत उभा राहतो. उघडीप मिळेल त्या दिवशी ही परीक्षा घ्या. दोन माणसं लागतात, एक बाहेर पाइप धरायला, एक आत टॉर्च घेऊन बघायला. आतल्या माणसानं चौकटीच्या कडेनं आणि फरशीवर वर्तमानपत्राच्या कोरड्या पट्ट्या चिकटवाव्यात. पहिला थेंब कागदावर लगेच उमटतो, भिंतीवर उशिरा दिसतो.

आधी दारावर प्लास्टिकचा कागद लावा, चौकटीसकट, आणि चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा. मग छज्जाच्या वर, छज्जा भिंतीला मिळतो तिथं, दहा मिनिटं पाणी सोडा. नंतर दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर. दार झाकलेलं असूनही आत ओल आली तर पाणी दारातून येत नाही, भिंतीतून येतंय, आणि अशा वेळी सुताराला कितीही बोलावलं तरी उपयोग नाही. आत काही आलं नाही तर प्लास्टिक काढा आणि आता खालून वर जा. पहिली दहा मिनिटं फक्त उंबऱ्यावर पाणी. मग दाराची खालची कड. मग बाजूच्या फटी, मग वरची आडवी फट, सगळ्यात शेवटी चौकट आणि गिलाव्याचा सांधा. खालून वर जायचं कारण असं की पाणी खाली उतरतं. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम ओलं होतं आणि कुठली जागा गळतेय ते कळत नाही. पाइपाच्या तोंडाला बोट लावून फवारा जोरात मारू नका. पावसाळ्यात येणार नाही अशा ठिकाणीही तो पाणी घुसवतो आणि तुम्ही भलत्याच जागी दुरुस्ती करत बसता.

तुमच्या बिजागरीकडच्या वरच्या कोपऱ्यावर माझा संशय छज्जाच्या सांध्यावर आहे. छज्जाचा वरचा भाग कोणी बघत नाही. तिथं ढाळ भिंतीकडं गेलेला असतो किंवा अजिबात नसतो, सेंटरिंगचा लाकडाचा तुकडा, सिमेंटची ढेकळं तशीच पडलेली असतात, आणि पाणी साचून भिंतीत मुरतं. ते लिंटलवरून, म्हणजे दारावरच्या तुळईवरून सरकत चौकटीच्या कोपऱ्यात येतं आणि नाव दाराचं होतं. शिडी लावून वर चढून बघा. पाणी साचल्याची शेवाळाची रेघ दिसली तर काम गवंड्याचं आहे: छज्जा साफ करून बाहेरच्या बाजूला ढाळ देणं, भिंतीच्या कोनात सिमेंटचा चांगला गोल वाटा मारणं, त्यावर वॉटरप्रूफिंगचा हात. आणि छज्जाच्या खालच्या अंगाला कडेपासून इंचभर आत एक खाच आहे का तेही बघा. ही खाच नसली तर पागोळी कडेवरून न पडता छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत चालत येते. खाच बोटाचं टोक जाईल एवढी, सेंटिमीटरभर रुंद, पुरते. ती भिंतीच्या थोडी अलीकडं थांबवायची, नाहीतर तीच पाणी भिंतीवर आणून सोडेल.

दुसरा संशय बेलच्या वायरचा. बेलचं बटण दाराच्या बाजूला बाहेर असतं, त्याचा पाइप भिंतीतून आत येतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो बाहेरून आत उतरता बसवलेला असतो. बटणाच्या मागं रबर नसलं की पाइपातून पाणी थेट आतल्या स्विचबोर्डात येतं. त्या बोर्डावर ओल दिसली तर आधी मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. परीक्षेसाठी पाणी मारतानाही तो भाग टाळा.

भिंत जांभ्याच्या चिऱ्याची असेल आणि बाहेरून गिलावा नसेल तर चिरा स्वतःच पाणी पितो. दिसायला तो सुंदर आहे, पण झडीच्या बाजूच्या भिंतीला दर्जाबंदी (चिऱ्यांमधले सांधे) नीट भरून घेणं आणि वरून सिलेनचं पारदर्शक वॉटर रिपेलंट मारणं गरजेचं असतं, आणि ते काही वर्षांनी परत मारावं लागतं.

आता चौकट आणि भिंतीचा सांधा. आपल्याकडं चौकट होल्डफास्टनं, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी धरतात आणि मधली फट सिमेंटनं भरून वर गिलावा आणतात. सिमेंट हलत नाही, लाकूड मात्र हलतं. मे महिन्यात ते आक्रसलेलं असतं, जुलैत फुगतं, फेब्रुवारीत परत आक्रसतं. एका वर्षात तिथं केसाएवढी भेग पडतेच, आणि केसाएवढी भेग रुंद फटीपेक्षा वाईट. रुंद फटीतून पाणी घरंगळून खाली जातं, बारीक भेग पाणी स्वतःत ओढून घेते आणि आतपर्यंत नेते. या भेगेवरून सिलिकॉनची बोटभर रेघ ओढणं ही दुरुस्ती नव्हे. पहिल्या उन्हात ती एका बाजूनं सुटते. नीट करायचं तर सांध्यातला गिलावा पटाशीनं किंवा कटरनं सेंटिमीटरभर रुंद खणून काढायचा, आत फोमची गोल दोरी म्हणजे बॅकर रॉड दाबायचा, आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरायचं. रुंदी १० मिलिमीटर असेल तर खोली ५ ते ६ पुरे. रॉडमुळं सीलंट फक्त लाकूड आणि भिंत या दोनच बाजूंना चिकटतं, मागं चिकटत नाही, म्हणून लाकूड हललं की ते रबरासारखं ताणलं जातं आणि सुटत नाही. सिलिकॉनच वापरायचं असेल तर न्यूट्रल प्रकारचं मागा. उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो ते सिमेंटला नीट धरत नाही आणि खिळे-होल्डफास्ट गंजवतं. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही. आणि ओल्या भिंतीवर यातलं काहीच चिकटत नाही, त्यामुळं हे काम दसऱ्यानंतरचं. हा सांधा वर आणि दोन्ही बाजूंना भरायचा. खाली उंबऱ्याशी बाहेरून बोटभर जागा मोकळी सोडायची.

आता मुख्य दुखणं, उंबरा. आतली फरशी आणि उंबरा एका पातळीत असणं हल्ली सगळ्यांना आवडतं. झाडायला सोपं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाय अडखळत नाही, हे मला मान्य आहे. पण पश्चिमेच्या उघड्या दाराला ते चालत नाही, आणि का चालत नाही ते आकड्यांत सांगता येतं. ताशी ३६ किलोमीटरचा वारा दारावर आदळला की त्याचा दाब साधारण ६ मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा होतो. ताशी ५४ किलोमीटरच्या झोताला हाच आकडा १४ मिलिमीटरच्या घरात जातो. दाराखाली पाणी साचलं असेल तर एवढ्या उंचीपर्यंत वारा ते आतल्या बाजूला चढवू शकतो. म्हणजे बाहेर साचणारं पाणी आणि आतली फरशी यांत निदान २० मिलिमीटरचा चढ हवा, मग वाऱ्याची ताकद तिथं संपते. तुमच्याकडं हा चढ शून्य आहे. उंबरा सपाट, म्हणून पाणी झटकन बाहेर जातही नाही.

पूर्ण दुरुस्ती अशी. ग्रॅनाइट उखडून परत बसवायचा, बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन. १५ सेंटिमीटर रुंदीच्या उंबऱ्याला १५ मिलिमीटर उतार, म्हणजे दहाला एक. खाली पोकळी राहू द्यायची नाही, मसाला पूर्ण भरायचा. उंबऱ्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर घ्यायचा आणि दोन्ही टोकांना तो भिंतीत बोटभर वर वळवायचा, कारण गळती बहुतेक टोकांशीच असते. दगडाची बाहेरची कड पायरीच्या तोंडापेक्षा थोडी पुढं काढून तिच्या पोटाला खाच मारून घ्या. पॉलिशवाला ग्रॅनाइट कापतानाच ही खाच मारून देतो, आधी सांगावं लागतं एवढंच. आणि बाहेरचा ओटा उंबऱ्याखाली निदान दोन इंच असावा, त्याचाही उतार अंगणाकडं.

त्या उंबऱ्यावर, दाराच्या बरोबर खाली, २० मिलिमीटर उंचीची आणि दाराच्या जाडीएवढीच रुंद अशी ग्रॅनाइटची उभी पट्टी पक्की चिकटवायची. पट्टीचा बाहेरचा चेहरा दाराच्या बाहेरच्या चेहऱ्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आतच राहिला पाहिजे. पुढं आली तर दारावरून उतरणारं पाणी ती पट्टी झेलते आणि आत देते. तेवढं दार खालून कापावं लागेल. दार आत उघडतं, त्यामुळं कापल्यावर ते फरशीवरून सहज फिरतं, पायपुसण्यालाही अडत नाही. पण फ्लश दार कापायच्या आधी त्याच्या आतली खालची लाकडी पट्टी किती उंच आहे ते विचारून घ्या. ती कापण्यात संपत असेल तर पोकळ जागी नवी पट्टी फेव्हिकॉल मरीनसारख्या पाण्यात न सुटणाऱ्या गोंदानं बसवून घ्यावी लागते. कापलेली कड त्याच दिवशी प्रायमरचे दोन हात देऊन बंद करायची. पट्टीच्या कडा थोड्या गोल करून घ्या, म्हणजे पायाला लागत नाहीत.

मग दाराच्या बाहेरच्या अंगाला तळाशी वेदर बार. सागवानाची किंवा ॲल्युमिनियमची तिरकी पट्टी, चौकटीच्या दोन पायांमधल्या मोकळ्या जागेत बसेल एवढ्या रुंदीची, ३० ते ४० मिलिमीटर पुढं आलेली, पोटाला खाच असलेली. दारावरून घसरत आलेलं दोन बादल्या पाणी ती ग्रॅनाइटच्या पट्टीच्या पलीकडं, उताराच्या उंबऱ्यावर टाकते. माझ्या मते या सगळ्या दुरुस्तीत पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त उपयोगी वस्तू हीच आहे, आणि आपल्याकडं ती कुणी लावत नाही, कारण दार 'साधं, सपाट' दिसावं असं सगळ्यांना वाटतं. मागच्या बाजूनं फक्त वरच्या कडेला सीलंट द्यायचं, खालची कड मोकळी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. लोखंडी स्क्रू सागात काळे डाग पाडतात. चौकटीत दार अडकू नये म्हणून दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर कमी घ्यायची.

दाराच्या बाजूंना आणि वर, चौकटीच्या पतामात, म्हणजे दार टेकतं त्या खाचेत, ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणाऱ्या) रबराची पट्टी बसवा. साधी चिकटणारी फोमची पट्टी एका पावसाळ्यात चपटी होते, तिच्यावर पैसे घालू नका. रबर किती जाड घ्यायचं हे असं ठरवा: वर्तमानपत्राचा कागद मध्ये धरून दार लावा आणि ओढा. रबर लावल्यावर कागद थोड्या जोरानं निघाला पाहिजे. सहज निघाला तर रबर पोचत नाही, फाटला तर रबर फार जाड आहे. फार जाड झालं की कडी लागत नाही, मग घरचे लोक कोयंडा ठोकून पुढं सरकवतात आणि सगळं परत सैल. कोपऱ्यात रबर तोडू नका, वळवून न्या. तिथं सांधा आला की गळती तिथंच.

खाली, आतल्या बाजूनं, दाराला ब्रशची किंवा रबराची पट्टी लावा, उभ्या ग्रॅनाइटच्या मागच्या अंगाला टेकेल अशी. ती वारा आणि धूळ अडवते. पाणी अडवायचं काम बाहेरच झालेलं असतं.

एवढं करूनही पश्चिमेच्या दारावर दीड फुटी छज्जा अपुराच आहे. जमत असेल तर पुढं चार-पाच फुटांचं पत्र्याचं किंवा कौलांचं छप्पर काढा, म्हणजे जुन्या घरातला सोपाच परत आणा. दोन्ही बाजूंना एखादी जाळीची आडभिंत असली तर आणखी बरं. खानापूरला विटा-कौलांची परंपरा आहे, मंगळुरी कौलांचं छोटं छप्पर घराला शोभतंही. खर्च दाराच्या दुरुस्तीपेक्षा जास्त येईल, पण दार, चौकट, पॉलिश, दाराजवळची भिंत सगळंच त्यानं वाचतं.

आता फुगलेल्या दाराबद्दल. दार मे महिन्यात बसवलं, तेव्हा लाकूड बरंच कोरडं होतं. जुलैत तुमच्याकडं कपडे वाळत नाहीत, मग लाकूड कसं वाळेल? आत्ता रंधा मारला तर दार आज मोकळं होईल, पण मार्चमध्ये ते आक्रसल्यावर फट डोळ्यांना दिसेल आणि पुढच्या जूनला पाणी अधिक येईल. सध्या दार कुठं घासतंय ते शोधा: कडेला खडू फासून दार लावा, जिथं खडू पुसला जातो तीच जागा. तिथं मेणबत्ती किंवा साबण घासा. वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, वरची बिजागरी सैल होऊन खाली झुकलेलं असतं. अशा जड दाराला दोन बिजागऱ्या पुरत नाहीत, तीन हव्यातच. कडी लागणंच बंद झालं, घर बंद करता येत नाही, अशी वेळ आली तरच कुलपाच्या बाजूनं अगदी थोडं घासून घ्या. बाकी रंधा दसऱ्यानंतर.

आणि दार फुगायचं मूळ कारण बघा. दार उतरवून त्याची वरची आणि खालची कड तपासा. माझी खात्री आहे की तिथं कोरं लाकूड दिसेल. रंगारी समोरून, मागून, बाजूनं पॉलिश मारतो आणि दिसत नाहीत त्या दोन कडा सोडून देतो. पाणी तिथूनच आत शिरतं. दसऱ्यानंतर दार चांगलं वाळलं की दोन्ही कडांना आणि कुलूप-बिजागरीसाठी खोदलेल्या खाचांत प्रायमर आणि पॉलिशचे हात द्या. चौकटीच्या भिंतीकडच्या अंगालाही बसवायच्या आधी डांबर मारायची पद्धत होती. आता नव्या घरांत ते गाळतात, हे चुकीचं आहे.

फ्लश दार आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायसारख्या पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाचं आहे का, हे बिलावर किंवा दाराच्या कडेवरच्या शिक्क्यावर बघा. साधं आतल्या खोलीचं दार असेल तर वरच्या सगळ्या दुरुस्त्या करूनही चार-पाच वर्षांत खालच्या कोपऱ्यात थर सुटायला लागतील. तसं असेल तर त्याच्यावर फार खर्च न करता ते आतल्या खोलीला लावा आणि पुढं पॅनेलचं सागवानी दार करा. दांडेलीकडचा सागवान मिळाला तर उत्तम, पण तो नीट सुकवलेला असला पाहिजे. ओला सागवान वाळलेल्या साध्या लाकडापेक्षा जास्त त्रास देतो. पाठीमागच्या परसदाराला आणि गच्चीच्या दाराला डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) किंवा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) वापरलं तरी माझी हरकत नाही, आणि ती दारं बाहेर उघडणारी करा. वारा जितका जोरात येतो तितकं ते दार चौकटीवर घट्ट दाबलं जातं.

निपाणी, चिकोडी, अथणीच्या बाजूच्या लोकांसाठी एक गोष्ट जोडतो, कारण तिकडची अडचण वेगळी असते. तिकडं पाऊस कमी, पण काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया हलतो आणि चौकट तिरकी होते. तिथं आधी चौकटीचे दोन्ही कर्ण फितीनं मोजा. दोन्हींत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, किंवा ओळंबा लावल्यावर उभी बाजू कललेली दिसली, तर रबर-सीलंटनं काही होणार नाही. पायाजवळ साचणारं पाणी आधी दूर काढावं लागतं. आणि तुमचं दार पूर्वेला असलं म्हणून निश्चिंत राहू नका. एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस पश्चिमेचं बंधन पाळत नाही.

सुतार-गवंड्याच्या भांडणाबद्दल. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून उंबऱ्याचा ढाळ आणि छज्जा गवंड्याकडं जातो, वेदर बार, रबर आणि न रंगवलेल्या कडा सुतार आणि रंगाऱ्याकडं. दोघांना एकाच दिवशी बोलवा आणि पाइपाची परीक्षा त्यांच्या समोर घ्या. पाणी कुठून येतंय ते सगळ्यांनी एकत्र बघितलं की वाद तिथंच मिटतो, मग दोघंही 'होय की, बघतो' म्हणून कामाला लागतात. दुरुस्तीचे सगळे पैसे आधी देऊ नका. थोडी रक्कम पुन्हा पाइप मारून बघेपर्यंत ठेवा, आणि हे सुरुवातीलाच बोलून घ्या, म्हणजे कुणाचं मन दुखत नाही.

दसऱ्यापर्यंतचे महिने निभावण्यासाठी: पुढं ताडपत्री बांधा, पण दारापासून दोन-तीन फूट पुढं, बांबूवर. दारावरच गुंडाळली तर लाकूड आत कोंडून कुजतं. ॲल्युमिनियमचा वेदर बार मात्र आत्ताच लावून घ्या. तो ओल्या दारावरही स्क्रूनं बसतो आणि निम्म्याहून अधिक पाणी त्यानंच दूर जाईल. गणपतीत पाहुण्यांची ये-जा असते, तोवर एवढं झालं तरी पुष्कळ.

पाऊस ओसरला की चौकटीच्या काळ्या पडलेल्या पायात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक अडलं, नुसता डाग असेल, तर महिनाभर वाळू द्या, घासून काढा, पायाच्या कापाला पातळ इपॉक्सी पाजा आणि पॉलिश करा. टोक मऊ लागून सहज आत गेलं तर कुजायला सुरुवात झालीय. तेव्हा पूर्ण चौकट काढू नका. कडक लाकूड लागेपर्यंत खालचा भाग तिरका कापून तिथं जुन्या सागाचा तुकडा जोडता येतो. काप असा तिरका घ्या की सांध्याचा उतार बाहेरच्या अंगाला येईल. आणि नव्या तुकड्याचं टोक दगडावर टेकवू नका, तीन-चार मिलिमीटर वर ठेवून खाली आतल्या बाजूनं सीलंट भरा, बाहेरची बाजू उघडी सोडा.